स्लीप स्टडीचा रिपोर्ट: ‘सिव्हिअर’च्या खाली काय लिहिलेलं असतं

स्लीप स्टडी म्हणजे रात्रभर तारा लावून केलेली झोपेची तपासणी. तिचा रिपोर्ट पाच-सात पानांचा असतो, पण घरी पोचेपर्यंत त्यातला एकच शब्द डोक्यात उरतो: सिव्हिअर, म्हणजे स्लीप ॲप्निया हा झोपेत श्वास अडण्याचा आजार तीव्र आहे. मग कुणी हबकून जातं, तर कुणी फाईल कपाटात टाकतं आणि म्हणतं, ‘मी तर आडवा झालो की दोन मिनिटांत डाराडूर. मला कसला आलाय झोपेचा आजार?’ माझ्या पाहण्यात ही दुसऱ्या प्रकारची माणसंच जास्त. आपल्याकडे घोरणाऱ्याला गाढ झोप लागते असं धरून चालतात आणि उशीला डोकं टेकताच डोळा लागणं हे सुखी माणसाचं लक्षण मानतात. ते बरेचदा न फिटलेल्या झोपेचं लक्षण असतं.

‘सिव्हिअर’ हा शिक्का एका आकड्यावरून बसतो. पुढे काय करायचं हे मात्र त्या आकड्यापेक्षा खालच्या रकान्यांवरून ठरतं. तेव्हा एक नमुना रिपोर्ट समोर ठेवू. आकडे मी रचलेले आहेत, पण असे रिपोर्ट कुठल्याही स्लीप लॅबमध्ये दिसतात. वय ४९, पुरुष, वजन जास्त, रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू. रेकॉर्डिंग ४३० मिनिटं, प्रत्यक्ष झोप ३४४ मिनिटं. एएचआय, म्हणजे झोपेच्या दर तासाला श्वास किती वेळा अडला ती संख्या, ५२. उताणं झोपल्यावर एएचआय ७१, कुशीवर २४. रक्तातल्या ऑक्सिजनची सरासरी ९१ टक्के, सगळ्यात कमी ६८, आणि ९० च्या खाली गेलेला वेळ ९६ मिनिटं.

सगळे थेट एएचआयकडे धावतात. मी आधी झोप किती लागली ते बघतो. इथे ४३० पैकी ३४४ मिनिटं, म्हणजे ८० टक्के. यालाच रिपोर्टमध्ये स्लीप एफिशियन्सी म्हणतात. डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला, पायांना तारा, नाकात नळी, छाती-पोटावर पट्टे आणि बोटाला चिमटा लावून परक्या पलंगावर इतकी झोप लागणं वाईट नाही. ‘तिथे मला झोपच आली नाही, मग रिपोर्ट खरा कसा?’ हा प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर बहुतेकांना उलट वाटतं. झोप कमी लागली, विशेषतः स्वप्नं पडतात ती आरईएम झोप कमी मिळाली, तर आजार आहे त्यापेक्षा सौम्य दिसण्याची शक्यता असते. एक गोष्ट मात्र दुसऱ्या बाजूने खरी आहे. तारांमुळे माणूस घरच्यापेक्षा जास्त वेळ उताणा झोपतो आणि त्याने आकडा फुगू शकतो. म्हणून उताणं आणि कुशीवर यांचे आकडे वेगळे बघायचे.

आता एएचआय. श्वासाचा प्रवाह किमान ९० टक्क्यांनी घटला आणि निदान १० सेकंद तसाच राहिला, तर तो एक ॲप्निया. प्रवाह किमान ३० टक्क्यांनी कमी झाला, १० सेकंद टिकला आणि सोबत ऑक्सिजन ३ टक्के उतरला किंवा मेंदू क्षणभर जागा झाला, तर तो हायपॉप्निया. दोन्हींची बेरीज करून झोपेच्या तासांनी भागलं की एएचआय येतो. मोठ्या माणसांत ५ पेक्षा कमी नॉर्मल, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, आणि ३० किंवा वर गेला की सिव्हिअर. लहान मुलांचा हिशेब वेगळा असतो, त्यांच्यात तासाला १ सुद्धा दखल घेण्याजोगा. मुलाचा रिपोर्ट मोठ्यांच्या कोष्टकात बसवू नका.

आपल्या नमुन्यात रात्रभरात अशा एकूण २९८ घटना आहेत. ३४४ मिनिटांत २९८, म्हणजे सरासरी सत्तर सेकंदांना एक. आता या घटनांची सरासरी लांबी २४ सेकंद धरून गुणाकार करून बघा. पावणेसहा तासांच्या झोपेतले जवळजवळ दोन तास हा माणूस बंद पडलेल्या किंवा अर्धवट श्वासावर होता. हा गुणाकार रिपोर्टमध्ये कुणी करून देत नाही. घटनेची सरासरी आणि सर्वांत जास्त लांबी मात्र बहुतेक रिपोर्टमध्ये असते, तेव्हा तो घरी करता येतो.

एएचआयची मर्यादाही इथेच दिसते. रात्री लाइट तासाला किती वेळा गेली एवढंच तो सांगतो. प्रत्येक वेळी किती वेळ गेली आणि फ्रिजमधलं काय नासलं, याचा त्यात पत्ता नसतो. दोन माणसांचा एएचआय ३५ असू शकतो. एकाच्या घटना बारा-बारा सेकंदांच्या आणि ऑक्सिजन ८९ च्या खाली न जाणारा, दुसऱ्याच्या पाऊण-पाऊण मिनिटाच्या आणि ऑक्सिजन साठीत उतरणारा. रिपोर्टवर दोघेही सिव्हिअर. डॉक्टर मात्र दुसऱ्याला उद्याच बोलावतील.

म्हणून ऑक्सिजनचा रकाना नीट वाचायचा. त्यात चार आकडे असतात: जागेपणीचा, सरासरी, सर्वांत कमी, आणि ९० च्या खाली घालवलेला वेळ. शिवाय ओडीआय, म्हणजे ऑक्सिजन तासाला किती वेळा ३ किंवा ४ टक्क्यांनी घसरला ती संख्या. लोक ‘सर्वांत कमी’ला धरून बसतात. ‘माझा ६८ झाला होता’ हे सांगायला सोपं असतं, पण तो एका क्षणाचा आकडा आहे आणि बोटावरचा चिमटा सरकला तरी चुकू शकतो. मला वेळेचा आकडा जास्त बोलका वाटतो. ९६ मिनिटं, म्हणजे झोपेचा चौथ्या भागाहून जास्त वेळ. ९० ची रेषा उगाच ठरवलेली नाही. हिमोग्लोबिनचा स्वभावच असा आहे की ९० च्या वर असताना फुप्फुसातला ऑक्सिजन थोडा कमी झाला तरी टक्केवारी फारशी हलत नाही. त्याच्या खाली गेलं की तेवढ्याच घटीला टक्केवारी भराभर कोसळते.

आलेखात आणखी एक गोष्ट बघण्यासारखी असते. दोन घटनांच्या मधे ऑक्सिजन परत ९५-९६ वर येतो का? येत असेल तर त्रास घशातल्या अडथळ्यापुरता असण्याची शक्यता जास्त. मधल्या वेळातही तो ८८-८९ वरच रेंगाळत असेल, तर फुप्फुसाचा आजार किंवा लठ्ठपणामुळे श्वासच उथळ होणं, अशा कारणांचा शोध घ्यावा लागतो. मग डॉक्टर रक्तातला बायकार्बोनेट किंवा धमनीतल्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड तपासायला सांगतात. जागेपणी कार्बन डायऑक्साइडचा दाब ४५ मिमी पाऱ्याच्या वर निघाला तर उपचाराची दिशाच बदलू शकते. ‘झोपेच्या तपासणीनंतर ही रक्ताची तपासणी कशाला?’ म्हणून ती टाळू नये.

तुमच्या रिपोर्टला मूळ रेघांचं एखादं पान जोडलेलं असेल तर ते टाकून देऊ नका. दोन मिनिटांच्या तुकड्यात सगळा आजार दिसतो. वरची नाकाच्या प्रवाहाची रेघ सपाट होते. खाली छाती आणि पोटाच्या पट्ट्यांच्या रेघा मात्र हलत असतात, तेही उलट दिशांनी: छाती आत तेव्हा पोट बाहेर. म्हणजे श्वास घ्यायची धडपड चालू आहे, पण जीभ आणि मऊ टाळू मागे पडून घसा मिटलाय. धडपड वाढत जाते. मग मेंदूच्या लहरी एकदम दाट होतात, हनुवटीचा स्नायू आवळतो, घोरण्याच्या माइकवर मोठा आवाज उमटतो आणि प्रवाह परत येतो. ऑक्सिजनची रेघ तळाला जाते ती त्यानंतर, कारण फुप्फुसातलं रक्त बोटापर्यंत पोचायला वेळ लागतो. नाडी आधी मंदावते आणि श्वास सुटताच उसळते. दर सत्तर सेकंदांनी हेच. शेजारी झोपणाऱ्या बायकोला यातलं बरंचसं विनातारा माहीत असतं: घोरणं, मग शांतता, मग धसकून घेतलेला श्वास. ती शांतता ऐकून तिचीच झोप उडालेली असते.

मेंदूची ती क्षणिक जाग रिपोर्टमध्ये अरौजल इंडेक्स म्हणून येते. निदान तीन सेकंदांची जाग मोजली जाते. सकाळी ती आठवत नाही, म्हणून तर माणूस ‘मी रात्रभर झोपलो’ असं शपथेवर सांगतो. नमुन्यात हा आकडा ४१ असेल, तर गाढ झोपेचा एन-थ्री टप्पा ४ टक्क्यांवर का आला याचं कोडं उरत नाही. रात्री तीन-तीनदा लघवीला उठणं हेही अनेकांत याच्याशी जोडलेलं असतं. बंद घशातून श्वास ओढताना छातीत ताण येतो, हृदयाचा कप्पा ताणला जातो आणि लघवी वाढवणारं संप्रेरक सुटतं. पुरुष प्रोस्टेटचा दोष समजून वर्षं काढतात.

घटनांचे प्रकारही तपासा. नमुन्यात १६४ अडथळ्याचे म्हणजे ऑब्स्ट्रक्टिव्ह, ६ सेंट्रल, १२ मिश्र, आणि ११६ हायपॉप्निया. सेंट्रलमध्ये पट्ट्यांच्या रेघाही सपाट असतात: घसा उघडा आहे, पण श्वास घ्यायचा निरोपच मेंदूकडून येत नाही. २९८ मध्ये सहा असले तर सोडून द्या. निम्मे असले तर हृदयाचं पंपिंग तपासावं लागतं, अफूजन्य वेदनाशामक चालू आहेत का हे विचारावं लागतं, आणि उपचाराचं मशीन (सीपॅपसारखं, नाकातून दाबाची हवा देणारं) जपून निवडावं लागतं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या सर्व्ह-एचएफ या चाचणीत हृदयाचं पंपिंग कमकुवत असलेल्या, प्रामुख्याने सेंट्रल ॲप्नियाच्या रुग्णांना एका खास प्रकारच्या मशीनवर ठेवलं, तर घटना कमी झाल्या, पण मृत्यू वाढले. म्हणून दुकानदाराने ‘त्याहून भारी मॉडेल’ पुढे केलं की आधी हा रकाना दाखवा.

मग कूस आणि आरईएम. नमुन्यात उताणं ७१ आणि कुशीवर २४. लगेच घरात ठरतं: पाठीला चेंडू शिवून घ्या, कुशीवर झोपा, झालं! पण कुशीवरही २४ म्हणजे मध्यम आजार उरतोच. कुशीवरचा आकडा ४ असता तर या उपायाला एकट्यालाही अर्थ होता. आरईएम झोपेत श्वासपटल आणि डोळे सोडले तर शरीराचे बहुतेक स्नायू ढिले पडतात, घशाचेही. त्यामुळे तिथे घटना लांबतात आणि ऑक्सिजन सर्वांत खोल जातो. बायकांमध्ये त्रास आरईएममध्ये एकवटलेला असण्याचं प्रमाण जास्त आहे, म्हणून पूर्ण रात्रीचा एएचआय सौम्य दिसू शकतो. त्यात बाई घोरण्याची तक्रार घेऊन कमीच येते. ती येते थकवा, डोकेदुखी किंवा झोप न लागण्याची तक्रार घेऊन, आणि तपासणीपर्यंत पोचतच नाही.

घरी केलेल्या तपासणीत आकडा वेगळा येतो, तेव्हा लॅबवर संशय घेण्याआधी भागाकार बघा. घरच्या साध्या यंत्रात मेंदूच्या तारा नसतात, त्यामुळे झोप किती लागली हे त्याला कळत नाही. ते घटनांना रेकॉर्डिंगच्या वेळेने भागतं. आपल्याच नमुन्यातल्या २९८ घटनांना ३४४ ऐवजी ४३० मिनिटांनी भागलं की ५२ चे ४२ होतात, आणि ज्या हायपॉप्नियांत फक्त मेंदू जागा झाला त्या सुटल्या की आणखी कमी. लॅब-लॅबमध्येही फरक पडतो. काही ठिकाणी हायपॉप्नियाला ३ टक्के घसरण किंवा जाग पुरते, काही ठिकाणी ४ टक्के घसरण लागतेच. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या नियमावलीत पहिली व्याख्या शिफारशीची आणि दुसरी चालण्यासारखी मानली आहे. कुठली वापरली हे रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात असतं. दोन वर्षांपूर्वीच्या ५२ ची आजच्या ४४ शी तुलना करून आनंद मानण्याआधी ती ओळ वाचा.

‘पण मला दिवसा झोप येत नाही’ हा हमखास येणारा आक्षेप. मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये मांडलेली एपवर्थ प्रश्नावली बहुतेक रिपोर्टला जोडलेली असते. आठ प्रसंग, प्रत्येकात पेंगण्याची शक्यता किती, एकूण २४ गुण, आणि १० च्या वर गेलं की झोप जास्त येते असं समजायचं. पण एएचआय आणि हे गुण हातात हात घालून चालत नाहीत. एएचआय ५२ आणि एपवर्थ ६ असलेली माणसं असतात. पेंग येत नाही म्हणजे ऑक्सिजन पडत नाही, असं होत नाही. शिवाय बाबांची प्रश्नावली बाबांनी एकट्याने भरली तर ६, आणि आई शेजारी बसली तर १३, असंही होतं.

हा आजार काही परदेशी नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध केली. त्यात १९.५ टक्क्यांना झोपेत श्वासाचा दोष होता आणि ७.५ टक्क्यांना त्याच्या जोडीला दिवसाच्या झोपाळूपणाचा त्रास. २०२२ मध्ये बप्पी लाहिरी गेले तेव्हा डॉक्टरांनी ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्नियाचं नाव घेतलं आणि काही दिवस घराघरांत घोरण्याची चर्चा झाली. मग ती विरली.

सिव्हिअर असण्याने किती बिघडतं? अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये नोकरदार माणसांचा १८ वर्षं पाठपुरावा झाला. त्यात सिव्हिअर गटातला मृत्यूचा धोका आजार नसलेल्यांच्या सुमारे तिप्पट निघाला. उपचाराने हा धोका किती उतरतो, हे मात्र तेवढं सरळ नाही. २०१६ च्या सेव्ह चाचणीत आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्या २,७१७ जणांपैकी निम्म्यांना सीपॅप मशीन दिलं. दिवसाची झोप कमी झाली, मन हलकं झालं, पण हृदयविकाराच्या घटना कमी झाल्या नाहीत. त्यात मशीनचा सरासरी वापर रात्री ३.३ तासच होता, आणि फार पेंगणारे किंवा ऑक्सिजन फार पडणारे रुग्ण चाचणीत घेतलेच नव्हते. आपल्या नमुन्यातल्या गृहस्थांना ती चाचणी दाखवून ‘मशीनचा उपयोग नाही’ म्हणणं म्हणूनच बरोबर नाही.

सिव्हिअरमध्ये सीपॅपचा सल्ला सर्वांत आधी येतो. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये मांडलेली ही युक्ती अजून तीच आहे: नाकातून हलक्या दाबाची हवा देऊन घसा उघडा ठेवायचा. रिपोर्टचा दुसरा भाग, कधी दुसऱ्या रात्रीचा तर कधी त्याच रात्रीच्या उत्तरार्धाचा, हा दाब ठरवण्याचा असतो. त्याला टायट्रेशन म्हणतात. दाब सहसा ४ ते २० सेंटीमीटर पाण्याइतका. ‘५२ एएचआय म्हणजे दाब खूप लागणार’ असं गणित नाही. या पानावर एकच गोष्ट नीट बघा: ज्या दाबाची शिफारस केली त्या दाबावर माणूस उताणा आणि आरईएममध्ये झोपला होता का, आणि तेव्हा एएचआय ५ च्या खाली होता का. फक्त कुशीवर तपासलेला दाब घरी उताणं झोपल्यावर अपुरा पडू शकतो. दाब देताच नवे सेंट्रल ॲप्निया दिसू लागले, तरी लगेच मशीन परत करू नका. अनेकांत ते काही आठवड्यांत मावळतात.

वजन उतरवणं हवंच, पण ते होईपर्यंत मशीन थांबवायचं नसतं. मोठ्या टॉन्सिलना शस्त्रक्रिया, मशीन सोसत नसलेल्यांना जबडा पुढे धरणारं दंतयंत्र, हे पर्याय डॉक्टर बघतात. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने टिर्झेपटाइड हे इंजेक्शन लठ्ठपणासह मध्यम ते सिव्हिअर ॲप्नियासाठी मंजूर केलं. त्यानेही सगळ्यांची मशीन सुटत नाही.

घरी मशीन आलं की रोज एक छोटा रिपोर्ट तयार होतो: किती तास वापरलं, उरलेला एएचआय किती, हवेची गळती किती. उरलेला एएचआय ५ च्या खाली असायला हवा. गळती जास्त असेल तर उरलेल्या एएचआयवर विसंबू नका, आधी मास्क बदला. ‘रात्री चार तास वापरलं की पुरे’ हे अनेक विक्रेते सांगतात. ते मूळचं अमेरिकी विम्याचं मोजमाप आहे. आरईएम झोप पहाटे जास्त असते, त्यामुळे अकराला मास्क लावून तीनला काढणारा माणूस नेमक्या वाईट भागात मशीनशिवाय झोपतो. रात्री वीज जाणाऱ्या गावात इन्व्हर्टरवर चालवायचं असेल, तर पाणी तापवणारा ह्युमिडिफायर बंद करा. सर्वांत जास्त वीज तोच खातो.

पुढे कधी ऑपरेशन ठरलं, साधं मोतीबिंदूचं असो की हर्नियाचं, तर हा रिपोर्ट भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी दाखवायचा आणि मशीन मास्कसकट सोबत न्यायचं. भूल आणि नंतरची वेदनाशामकं घसा आणखी ढिला करतात. झोपेच्या गोळ्या आणि रात्रीचा पेगही तेच करतात, आणि तो पेग डॉक्टरांना सांगितलेला नसतो.